आमच्या फौंड्रीतला डिजिटल कारभार सुरू झाला खडूच्या फळ्यावरनं

परवा सांगलीकडच्या एका ओळखीच्या उद्योजकांचा फोन आला. त्यांचं मशीन शॉप आहे. म्हणाले, ताई तुमच्याकडे ते डिजिटल का काय केलंय त्यातनं खरंच वीज वाचली का, का नुसतं सोलर लावून गेटवर हिरवा बोर्ड लावलाय. पाऊण तास बोलले तरी संपेना, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, म्हणजे पुढच्या माणसाला लिंक पाठवता येईल.

आधी थोडं आमच्याबद्दल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना, महिन्याला दीडशे टनाच्या आसपास लोखंड वितळतं. पप्पांनी सुरू केली तेव्हा क्युपोला होता, कोकवर चालणारी भट्टी, आणि मी शाळेतनं परस्पर तिकडं गेले की घरी आल्यावर नाक पुसलं की रुमाल काळा व्हायचा हे मला आजही आठवतं. मग इंडक्शन फर्नेस आली, विजेवर चालणारी, एक टनाची. धूर गेला आणि आम्हा सगळ्यांना वाटलं आता आपलं प्रदूषण संपलं. मी नंतर पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरीला लागले आणि बरीच वर्षं फौंड्रीकडे लक्षच नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर चढलं, पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद, आमचा माल पेट्या भरून तयार पण गाडी हलेना, तिकडं गिऱ्हाईकाची लाईन थांबायची वेळ आलेली आणि पप्पा एकटे फोनवर सगळ्यांना उत्तरं देत बसलेले. मी त्यानंतर परत आले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, तोच रस्ता, तेच पाणी, आणि या वेळी फोनवर मी होते. पर्यावरण म्हणजे आमच्यासाठी तो रस्ता आहे. हवामानाचं चक्र बिघडलं की पहिला फटका आमच्यासारख्या नदीकाठच्या माणसांना बसतो, आणि ते बिघडवण्यात आमच्या भट्टीचाही थोडा वाटा आहे हे मला एकदा कळल्यावर मग गप्प बसवेना.

कारण धूर गेला म्हणजे तो दुसरीकडे गेला, एवढंच. आपण जी वीज वापरतो त्यातली बरीचशी अजून कोळशाची आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी आकडे काढतं त्याप्रमाणे देशाच्या ग्रिडवरचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. आमच्या एका हीटला, म्हणजे एकदा भट्टी भरून वितळवायला, सहाशेच्या वर युनिट लागतात, म्हणजे चारशेपेक्षा जास्त किलो, एका टनामागं, फक्त वितळवायला. क्युपोलाचा धूर निदान दिसायचा तरी, हा दिसतच नाही.

तर परत आल्यावर मी सॉफ्टवेअरवाली माणूस म्हणून पहिलं काय केलं असेल, तर एका कंपनीकडनं मोठी सिस्टीम घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. पंधरावीस सेन्सर, मोठा टीव्ही, त्यावर डॅशबोर्ड, सगळा डाटा क्लाउडवर, दर महिन्याला भाडं. रंगीत गोल काटे फिरायचे, बघायला येणाऱ्या माणसांना आवडायचं. आणि वर्षभरात त्यातनं एकही निर्णय झाला नाही, एकही नाही. पहाटे तीनला मोबाईलवर अलर्ट यायचे, कोणीतरी म्यूट केले, मग सगळ्यांनीच म्यूट केले. साचे फोडायच्या जागेजवळचे दोन सेन्सर धुळीनं गेले, बदलायला माणूस तीन आठवडे आला नाही. पप्पा काही बोलले नाहीत पण टीव्हीकडं बघायचे आणि मग माझ्याकडं बघायचे. चूक सिस्टीमची जेवढी तेवढीच माझी होती, मी प्रश्न न ठरवताच उत्तरं विकत घ्यायला गेले होते.

खरी सुरुवात झाली ती मेल्टिंगच्या मामांमुळे. मामा आमच्याकडे सव्वीस-सत्तावीस वर्षं आहेत, लोखंडाचा रंग बघून टेंपरेचर सांगतात आणि पायरोमीटर लावलं तर दहा-वीस डिग्रीच्या फरकानं बरोबर असतं. एक दिवस मी त्यांना सहज विचारलं, मामा एका हीटला युनिट किती लागतात. ते म्हणाले पॅनलवर मीटर हाय की, पण वाचतंय कोण. आणि खरंच, पॅनलवर मीटर पहिल्या दिवसापासनं होता! आम्ही महिन्याचं बिल बघायचो, एवढे लाख, गेल्या महिन्यापेक्षा जास्त का कमी, विषय संपला. हीटला किती, हे कोणी बघितलंच नव्हतं.

मग भट्टीशेजारी एक काळा फळा लावला. हीट नंबर, चार्ज (भट्टीत टाकलेलं लोखंड) किती किलो, सुरूचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, टॅपिंग (मेटल बाहेर ओतणं) किती वाजता. खडूनं. पहिल्या आठवड्यात काही हीट ६०० ला आल्या आणि काही ७२० ला, तीच भट्टी, तेच मेटल, तोच माणूस. लोखंड गार अवस्थेतनं पंधराशे डिग्रीपर्यंत न्यायला शास्त्रानुसार टनाला चारशेच्या आसपास युनिट पुरतात, त्यावरचं सगळं म्हणजे भट्टीभोवतीच्या कॉईलचं पाणी तापवण्यात, भिंतीतनं आणि उघड्या तोंडातनं जातं. मग हा शंभर-सव्वाशे युनिटचा फरक कुठनं?

मामांनाच माहीत होतं, फक्त त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. म्हणाले, मेटल तयार असतंय ताई, पण साचे तयार नसत्यात, क्रेन दुसरीकडं अडकलेली असती, स्पेक्ट्रोचा, म्हणजे मेटलच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला वेळ लागतोय, तोवर मी मेटल गार होऊ नये म्हणून पॉवर देऊन ठेवतोय, आणि झाकण उघडं, कारण परत परत कोण काढतंय. तापलेल्या धातूतनं जी उष्णता बाहेर फेकली जाते ती टेंपरेचरच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते, पंधराशे डिग्रीला उघडं तोंड म्हणजे युनिट वर आभाळात सोडल्यासारखंच आहे.

याच्यावर उपाय काय केला तर झाकणाला वजन तोलणारा हात बसवला म्हणजे एका हातानं उघडझाप होते, आणि मोल्डिंगच्या माणसाकडं एक बटण दिलं, साचे तयार झाले की दाबायचं, भट्टीजवळ दिवा लागतो, मामा त्या हिशोबानं शेवटचा चार्ज टाकतात. एवढंच. ह्याला कोणी डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन म्हणणार नाही कदाचित पण मी म्हणते, कारण माहिती एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला वेळेत पोचली, आणि तिथल्या माणसाला तिच्यावर काहीतरी करता आलं. दोन महिन्यांत ७०० च्या वरच्या हीट जवळपास बंद झाल्या, सरासरी ६४० वर आली.

त्यानंतर मग मीटर संगणकाला जोडले. फर्नेस, कॉम्प्रेसर, सॅंड प्लांट (साच्याची वाळू तयार करणारा) आणि शॉट ब्लास्टिंग (मालाची साफसफाई), फक्त चार. वायर टाकून ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डाटा येतो, क्लाउड नाही, भाडं नाही. फळा मात्र काढला नाही. मीटर जोडले त्या दिवशी मामांनी सरळ विचारलं, ह्ये माझ्यावर ध्यान ठेवायला लावलंय काय? मला आधी वाईट वाटलं पण त्यांचा प्रश्न रास्त होता. मी आणि पप्पांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की ह्या आकड्यांवरनं कोणाचा पगार, ओव्हरटाईम कापला जाणार नाही, आणि तो शब्द आम्ही पाळलाय. ज्यांना ज्यांना हे करायचंय त्यांनी हे आधी करा, कारण कामगाराला भीती वाटली तर आकडा कागदावर सुंदर येतो आणि खोटा येतो.

आता मुख्य गोष्ट, जी मला वाटतं बहुतेक लोक बघतच नाहीत, ती म्हणजे रिजेक्शन. पर्यावरण म्हटलं की सगळे सोलर पॅनल आणि झाडं लावणं बोलतात. पण फौंड्रीत सगळ्यात मोठं प्रदूषण म्हणजे रिजेक्ट झालेला जॉब, ओतलेला पण नापास झालेला नग. लोखंड परत भट्टीत जातं म्हणून वाटतं काय वाया गेलं नाही. पण वितळवायची वीज गेली, कोअरचं (मालातली पोकळी तयार करणाऱ्या वाळूच्या गाभ्याचं) रेझिन गेलं, साच्याच्या वाळूतली बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी जळून गेली, त्याच्यावर माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्यानं घाम गाळलेला असतो तोही गेला. आणि एक टन चांगला माल काढायला एक टन लोखंड वितळवून भागत नाही, रनर रायझर (साच्यात मेटल जायच्या वाटा आणि जादा साठे) धरून आमच्याकडं दीड टन लागतं.

हिशोब करून बघा. आमचं महिन्याचं १५० टन मेटल म्हणजे १०० टन माल. रिजेक्शन होतं ८ टक्के, म्हणजे ८ टन माल, म्हणजे १२ टन मेटल फुकट वितळवलं. ते ५ टक्क्यांवर आलं की साडेसात टन. वाचले साडेचार टन, गुणिले ६४० म्हणजे २,८८० युनिट, म्हणजे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, दर महिन्याला, आणि ह्यात अजून वाळू, कोअर, कॉम्प्रेसर काही धरलेलं नाही.

आणि हे ८ चं ५ कसं झालं ते सांगते कारण इथं संगणकानं खरंच काम केलं. प्रत्येक साच्याच्या बॅचला हीट नंबर आणि वेळ लिहायची पद्धत होती पण ते कागद फाईलमध्ये जायचे आणि रिजेक्शनचं रजिस्टर वेगळं, क्वालिटीच्या टेबलवर. दोन्ही कधी शेजारी ठेवून कोणी बघितले नव्हते. मी दोन्ही एका शीटमध्ये टाकले, जवळपास तीन महिन्यांचे, रात्री घरी बसून टाईप केले. आणि चित्र असं दिसलं की ब्लो होलचं (मालात वाफ अडकून पडलेल्या भोकांचं) रिजेक्शन दुपारी दोन ते पाचमध्ये गोळा झालंय, सकाळी फार थोडं. तोवर आम्ही मोल्डिंगच्या एका पोराला दोष देत होतो कारण तो दुपारच्या शिफ्टला असायचा. त्या पोराची मी नंतर माफी मागितली.

कारण होतं तापलेली वाळू. सकाळी लाईन गार असते, दुपारपर्यंत तीच वाळू चार-पाच वेळा फिरून येते आणि प्रत्येक वेळी आधीच्या कास्टिंगची उष्णता घेऊन येते. वाळू पन्नास डिग्रीच्या वर गेली की तिच्यात घातलेलं पाणी टिकत नाही, मिक्सरवाला अंदाजानं जास्त घालतो, एक साचा कोरडा एक ओला, आणि ओल्यात मेटल पडलं की वाफ कुठंतरी वाट शोधणारच. आम्ही वाळूचं टेंपरेचर मोजतच नव्हतो, फक्त मॉइश्चर, तेही दिवसातनं दोनदा.

उपाय पुन्हा साधाच होता. जड जॉब, ज्यांच्यात मेटलच्या मानानं वाळू कमी असते, ते सगळे आम्ही दुपारी घ्यायचो कारण क्रेन तेव्हा मोकळी असायची. ते सकाळी घेतले, हलके पातळ जॉब दुपारी, आणि हॉपरमध्ये वाळूचा साठा थोडा वाढवला म्हणजे तीच वाळू लगेच परत येत नाही. एक टेंपरेचर सेन्सर बसवला, ज्याचा लाल दिवा मिक्सरवाल्यासमोर आहे, ऑफिसात नाही. नवीन वाळूही कमी लागायला लागली. ही सिलिका वाळू आमच्याकडे घाट उतरून कोकणातनं, कासार्ड्याच्या बाजूनं येते, तिकडचा डोंगर खणून येते, आणि वापरलेली काळी वाळू रस्त्याकडेला, खड्ड्यात कुठं कुठं पडलेली तुम्ही शिरोलीकडनं जाताना बघितली असेल. एक ट्रक कमी आला म्हणजे एका टोकाला डोंगर थोडा वाचतो आणि दुसऱ्या टोकाला कोणाच्या तरी शेताची कड.

कॉम्प्रेसरचं थोडक्यात सांगते, कारण हे कोणीही येत्या रविवारी करू शकतं आणि पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा आणि मोबाईलच्या घड्याळावर बघायचं किती मिनिटं लोडवर (हवा भरतोय) आणि किती मिनिटं अनलोडवर (नुसता फिरतोय). आमचा तीन मिनिटं लोड, पाच मिनिटं अनलोड. तीन भागिले आठ, ३७ टक्क्यांच्या वर हवा नुसती गळत होती! कोणीही वापरत नसताना. साबणाचं पाणी घेऊन फिरलो, कपलिंग, नळ्या, ग्राईंडरचे जॉइंट, अर्धे तिथंच सापडले. आता बारा-तेरा टक्के आहे. प्रेशरही एक बारनं कमी केलं, त्यानं अजून सहा-सात टक्के वीज कमी लागते. दाबलेली हवा ही कारखान्यातली फार महाग वस्तू आहे, आणि लोक तिनं कपड्यावरची धूळ उडवतात.

विजेच्या वेळेचा विषय मोठा आहे. कित्येक वर्षं आपल्याकडं रात्री १० ते सकाळी ६ वीज स्वस्त होती म्हणून सगळ्या भट्ट्या रात्री पेटायच्या, मामांनी अर्धं आयुष्य रात्रपाळी केली. आता सौरऊर्जा वाढली तसं हे उलटायला लागलंय, केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांत उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचं म्हटलंय आणि संध्याकाळी मागणी वाढते त्या तासांत जास्त. म्हणजे दुपारची वीज खिशालाही बरी आणि त्यातला सूर्याचा वाटाही जास्त, म्हणून स्वच्छ. आता हे जमवायचं तर कुठल्या तासाला कुठलं मशीन किती खातं हे माहीत पाहिजे, आणि महिन्याच्या बिलात ते कळत नाही. आम्ही मेल्टिंग जमेल तेवढं दिवसा आणलं. हो, दुपारची तापलेली वाळू आणि दुपारची स्वस्त वीज ह्यांची ओढाताण होते, ती अजून पूर्ण सुटलेली नाही, वाळू गार करायच्या यंत्राचे कोटेशन मागवलेत. पण मामा आता रात्री घरी जेवतात.

कागदोपत्री बाजूही आहेच. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं मोठ्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासनं पर्यावरणाचा रिपोर्ट बंधनकारक केला, आणि त्या कंपन्या आता आपल्या पुरवठादारांना विचारतात. आम्हालाही एका गिऱ्हाईकाची भली मोठी एक्सेल शीट आली. आणि युरोपला माल पाठवणाऱ्यांचं तर जास्त कठीण, तिकडं कार्बनचा सीमाकर आलाय, ऑक्टोबर २०२३ पासनं नुसती माहिती द्यायची होती, जानेवारी २०२६ पासनं पैशांचा हिशोब सुरू. लोखंडाचे नट-बोल्ट, पाईप फिटिंग सुद्धा त्यात आहेत. स्वतःचे मोजलेले आकडे नसतील तर तिकडचे ढोबळ आकडे लावतात आणि ते सहसा आपल्या फायद्याचे नसतात. ज्यांनी मोजलंय त्यांना त्या शीटची भीती नाही, आमची अर्ध्या दिवसात भरून झाली. पण मला एक सांगायचंय, शीट भरण्यासाठी मोजू नका. मी अशा जागा बघितल्यात जिथं रिपोर्ट चकचकीत आणि आत कॉम्प्रेसर फुस्स करत गळतोय.

आणि डिजिटलचाही कचरा होतो, हे आपल्या क्षेत्रात कोणी बोलतच नाही. २०२२ मध्ये जगात ६२ दशलक्ष टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्सासुद्धा नीट गोळा करून रिसायकल झाला नाही. माझ्या त्या पहिल्या सिस्टीमचे सेन्सर, तो टीव्ही, आधीचे जुने मॉनिटर, यूपीएसच्या बॅटऱ्या सगळं एका खोलीत पडलं होतं. भंगारवाला जास्त पैसे देत होता, अधिकृत रिसायकलर कमी. कमी घेऊन त्याला दिलं, कारण भंगारवाल्याकडं ते कुठंतरी उघड्यावर जाळून तांबं काढणार आणि तो धूर कोणाच्या तरी लेकराच्या छातीत जाणार, क्युपोलाचा धूर माझ्या गेला तसाच. म्हणून आता कुठलाही नवीन सेन्सर घ्यायच्या आधी मी एकच विचारते, ह्याचा आकडा बघून कोण, काय, कधी करणार? तीन्हीची उत्तरं नसतील तर घेत नाही. सीसीटीव्हीचं चोवीस तासांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जायचं तेही बंद केलं, कोणी बघत नव्हतं आणि ते साठवायला कुठंतरी वीज आणि पाणी लागतंच.

सोलर आम्ही लावलं, शेडवर बसलं तेवढं. पण सगळ्यात शेवटी लावलं, गळती आणि रिजेक्शन कमी केल्यावर, आणि मला हाच क्रम बरोबर वाटतो. बँकेला, गिऱ्हाईकाला सोलर दिसतं म्हणून लोक तिथनं सुरू करतात, पण फुटक्या घागरीत गंगाजल भरून काय उपयोग.

सांगलीच्या त्या दादांना मी शेवटी म्हटलं, काही विकत घेऊ नका अजून, आधी रविवारी कॉम्प्रेसर लावू आणि घड्याळ बघू. ते तयार झालेत. मामांनीही येतो म्हटलंय, त्यांना भट्टीपेक्षा वेगळ्या, मशीन शॉपच्या आवाजात गळती ऐकायचीय म्हणे. साबणाच्या पाण्याची बाटली आणि खडूचा बॉक्स गाडीत ठेवलाय.